रांगेत उभी राहणारी बकरी

नवी गाडी घरी आली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून.

मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ट्रक गल्लीत शिरला. त्याच्या पाठीवर पांदेलेंची निळी कोरी गाडी. चारही चाकांना पट्टे आवळलेले, दवाखान्यातनं घरी सोडलेल्या पेशंटसारखी. पाच मिनिटांत गल्लीतली सगळी फाटकं उघडली.

"अगं बाई, बंद पडली का इतक्यात?" समोरच्या स्मरांदाबाईंनी हातातली झारी तशीच तिरकी धरून विचारलं. पाणी त्यांच्याच चपलेवर पडत होतं.

"बंद नाही पडली!" पांदेले ओरडले. "नवी आहे!"

"नवी आहे तर आपल्या पायांनी का नाही आली?"

ह्याचं उत्तर ओतिलियाकडे होतं. पण ओतिलिया, पांदेलेंची सून, व्हरांड्याच्या पायरीवर बसून चेरीच्या बिया काढत होती आणि तिनं मान वर केली नाही.

उत्तर सोपं होतं. नंबरप्लेट नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शोरूमवाले नंबरप्लेट आणून देतात, त्याचे आठशे नव्वद लेई घेतात. ते पांदेलेंनी दिले नव्हते. आणि शोरूममधून पळापळ करून ती नंबरप्लेट आणणारी जी बाई असते, ती ओतिलिया. आठ वर्षं झाली तिला.

सोमवारी बिल होत होतं तेव्हा ती मागेच उभी होती. हातात चार गिऱ्हाइकांच्या फायली. विकणारा पोरगा वाचत होता, "आणि हे नोंदणीचे, आठशे नव्वद."

पांदेलेंनी चष्मा कपाळावर चढवला. "कसले?"

"कागदपत्रं, विमा, रांगा, सगळं आम्ही करतो काका."

"रांगेत उभं राहायचे आठशे नव्वद? अरे, माझी बकरी उभी राहील रांगेत!"

हसले सगळे. विक्रीची तिन्ही पोरं हसली, फुकटची कॉफी प्यायला आलेलं जोडपं हसलं, दारावरचा राखणदार हसला. मंगळवारी सकाळी पोरांनी ओतिलियाच्या हातात फायली दिल्या त्या "बेंऽऽ" करत. दुपारी तिच्या टेबलावर कोबीचं पान होतं.

तिला आठशे नव्वदचं काही नव्हतं. ते तिच्या खिशात थोडेच जातात, तिला पगार असतो. तिला तो शब्द परत घेतलेला हवा होता. आणि घरात, कोपऱ्यात, हळूच नाही. जिथं बोलला, ज्यांच्यासमोर बोलला, त्यांच्यासमोर. तोवर ती सासऱ्याच्या गाडीसाठी काडी उचलणार नव्हती.

प्रश्न एवढाच, की शनिवारी गाडी ओली करायची होती. नवी गाडी घेतली की रोमानियातल्या ह्या ब्राइला गावात सगळ्यांना पाजावं लागतं, नाहीतर गाडीला लाभत नाही म्हणतात. तीस माणसं बोलावून झाली होती. पाद्री बोलावून झाला होता. आणि पांदेलेंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की शनिवारी मी गाडीनं अंगणातनं बाहेर पडणार. छत्तीस वर्षं नऊ नंबरची बस चालवलेला माणूस. आयुष्यातली पहिली कोरी गाडी.

तुतीच्या झाडाखाली जेवणं चालली होती तेव्हा विषय निघालाच. नणंद कोर्नेलिया आणि तिचा नवरा नेलू आठवडाभर आधीच मुक्कामाला आले होते, मदतीला म्हणून. मदत काय दिसली नव्हती अजून.

"मला एक कळत नाही," कोर्नेलिया पाव मोडत म्हणाली. "घरात ओतिलिया आहे. तिचं कामच ते आहे. मग भांडण कशाचं?"

"काम आहे, शोरूमचं," ओतिलिया म्हणाली. "शोरूमला पैसे द्या, उद्या मी जाते."

"सासऱ्याकडून पैसे?"

"बिलावरची ओळ बाबांनीच काट मारून काढली. पोराच्या हातातलं पेन घेऊन."

नवरा, रझ्वान, दोघींच्या मधे बसला होता. त्यानं आख्खा सारमाला, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिम्याचा गोळा, एकदम तोंडात घातला. बोलायला लागू नये म्हणून. हा त्याचा लहानपणापासूनचा उपाय.

"भांडू नका," नेलूनं हात वर केला. "माझा माणूस आहे तिथं. नंबरप्लेटच्या ऑफिसात. एक फोन करायचा अवकाश."

"बघ!" पांदेले खूश झाले. "आणि माणूस नसता तरी काय? मी स्वतः जाईन. त्यात करायचं काय असतं? उभं राहायचं."

"मग बकरीला न्या ना बाबा," ओतिलिया म्हणाली. "तिला रांगेची आवड आहे म्हणे."

झाडाला बांधलेल्या बकरीनं, फ्लोरिकानं, नेमकं तेव्हाच ओरडावं? रझ्वानला ठसका लागला. पांदेलेंचे कान लाल झाले. म्हणजे सून सोमवारी मागे उभी होती हे त्यांना आत्ता कळलं.  त्यांनी मिठाची वाटी उगाच इकडची तिकडे केली.

सासूबाई, वेता, उठल्या. त्यांनी ओतिलियाच्या ताटात न विचारता अजून एक सारमाला वाढला. ह्या घरात वेताबाई कोणाच्या बाजूला आहेत ते वाढण्यावरून कळतं.

"फुकटचं काढायची खोड तुम्हाला कधीपासून लागली?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "कोर्नेलियाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या. नऊ नंबरनं निघाले दवाखान्यात. गाडीवर हेच. मी दांड्याला लटकलेय, घामानं निथळतेय. आणि हे आरशातनं बघून म्हणतात काय, वेता, तिकीट पंच केलंस का?"

सगळे हसले. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकानं शंभरदा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी हसायचंच.

"मग? केलंस ना पंच?" पांदेले म्हणाले.

"केलं! दोन कळांच्या मधे!"

ते यंत्र अजून घरात होतं. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं पांदेलेंना त्यांच्या बसमधलं तिकीट पंच करायचं लोखंडी यंत्र काढून दिलं होतं. व्हरांड्यात खांबाला ठोकलेलं. नातवंडं त्यात चॉकलेटचे कागद पंच करायची.

बुधवारी नेलू सासऱ्याला घेऊन ऐटीत गेला आणि दुपारी दोघं परत आले ते फाटकातून एकामागे एक.

"काय झालं?" वेताबाईंनी विचारलं.

"नेलूचा माणूस गेला," पांदेले म्हणाले.

"कुठं गेला?"

"गेला म्हणजे गेला. दोन वर्षं झाली."

"अरे, तो जाडा, मिशीवाला?" कोर्नेलिया नवऱ्याकडे वळली. "त्याच्या मयताला आपण गेलो होतो की नेलू! तू शवपेटीला खांदा दिला होतास!"

"तेव्हाच मला चेहरा ओळखीचा वाटला होता," नेलू म्हणाला.

गुरुवारी पांदेले एकटेच गेले. हा दिवस त्यांचा फार छान गेला, हीच अडचण झाली. रांगेतला निम्मा गाव त्यांच्या बसनं शाळेत गेलेला. पांदेलेकाका, ओळखलं का? काका, तुम्ही एकदा बर्फात आमच्यासाठी थांबला होता! काकांनी तीन बायकांना आपल्या पुढं सोडलं, एका रिटायर मास्तरांशी जुन्या डेपोबद्दल बोलत बसले, त्यांचा नंबर दोनदा पुकारला गेला आणि खिडकी बंद झाली. घरी आले ते शीळ घालत. नंतर आठवलं.

"एक दिवस उरला," वेताबाई म्हणाल्या.

ओतिलिया चुलीपाशी उभी होती. तिला मनातून गंमत वाटत होती, खोटं कशाला बोला. आणि थोडं वाईटही वाटत होतं. शनिवारच्या शर्टाला पांदेले स्वतः इस्त्री करत होते. कॉलर तीनदा.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी नंबरप्लेटच्या ऑफिसात गेली. आज पाच फायली होत्या. तीन नंबरच्या खिडकीपाशी तिचं काम चाललेलं, तेवढ्यात पाच नंबरवरून एका पोरीचा आवाज चढला.

"हे काय आहे? काका, हे काय ठेवलंत?"

ओतिलियानं बघितलं. पाच नंबरच्या काचेखालून एक कॉफीचं पाकीट आत सरकवलं गेलं होतं. चांगली, महागातली कॉफी. वर चॉकलेट. आणि बाहेर पांदेले उभे, नव्या शर्टात, चेहऱ्यावर ते जुनं, समजुतीचं हसू.

त्यांच्या काळात हे असंच होतं. कॉफी आत सरकवली की कागद बाहेर सरकायचा. त्याला कोणी लाच म्हणायचं नाही, त्याला चांगलं वळण म्हणायचे. पण खिडकीतली पोर चोवीस-पंचवीसची, नोकरीला चार महिने झालेले, डोक्यावर कॅमेरा. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी साहेबांना बोलावते," ती म्हणाली. उठून उभीच राहिली.

"अगं पोरी, कॉफी आहे नुसती..."

अख्खी रांग बघत होती. कालची माणसंही होती त्यात. पांदेलेंचं हसू चेहऱ्यावरच थांबून राहिलं, कुठं जावं त्याला कळेना.

ओतिलियाला गप्प राहता आलं असतं.  मग ती तीन नंबरवरून पाच नंबरवर गेली.

"डानिएला, ती माझी कॉफी. हे माझे सासरे. घरी विसरले होते मी, ते द्यायला आलेत. चुकीच्या खिडकीवर आले एवढंच."

डानिएलानं तिच्याकडे बघितलं, मग पांदेलेंकडे. खाली बसली. पाकीट बोटाच्या टोकानं बाहेर ढकललं.

"घरच्यांना सांगा ना ओतिलियाताई, मला धस्स झालं."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. कॉफी मधे ठेवलेली. पांदेले फाइल मांडीवर उलटसुलट करत राहिले.

"फाइल दाखवा," ओतिलिया म्हणाली.

तिनं उघडली, दुसराच कागद बघितला आणि तिला हसू आवरेना.

"बाबा, हा विमा कुठल्या गाडीचा काढलात?"

"आपल्या."

"हा नंबर तर आपल्या जुन्या दाचिया गाडीचा आहे. गेल्या वर्षी भंगारात दिलेल्या."

पांदेलेंनी कागद डोळ्याजवळ नेला. "तिनं विचारलं गाडीचा नंबर काय. मी सांगितला. एकतीस वर्षं तोच सांगतोय मी, तोंडातनं आपोआप येतो!"

"म्हणजे भंगारात पडलेल्या गाडीचा वर्षभराचा विमा आहे आता. तिला काही होणार नाही, काळजी नको."

आता पांदेलेही हसले. रडकुंडीला येऊन हसतात तसे. "मग आता? तीस माणसं येणारेत गं उद्या."

ओतिलियानं घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा. गाडीच्या कराचा शिक्का नगरपालिकेत, आणि शुक्रवारी नगरपालिका एकला बंद.

"मी काही करणार नाही," ती म्हणाली आणि उठली. "मी नुसती पुढं चालणार. तुम्ही मागं या."

आणि ती चालायला लागली. चालली कसली, सुटली. विमावालीकडे, जुना रद्द, नवा चॅसीच्या नंबरावर. तिथून नगरपालिका, दुसरा मजला, तिथं कळलं आधी बँकेची पावती, म्हणजे खाली, रस्त्यापलीकडे, परत वर. खिडकीतली बाई म्हणाली, आज बंद करतेय मी. ओतिलिया म्हणाली, मुलाचे टॉन्सिल कसे आहेत? ती बाई परत बसली, टॉन्सिलचं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता शिक्का मारला. जिन्यात एका वकिलानं ओतिलियाला नमस्कार केला. दारावरच्या शिपायानं केला. एक म्हातारी धावत आली, "बाई, तुम्ही सांगितलंत तसं केलं, झालं माझं काम!" आणि तिच्या गालाचा मुका घेऊन गेली.

पांदेले मागून धापा टाकत येत होते. त्यांना सवय होती, रस्त्यावर लोक त्यांना हाका मारतात ह्याची. आज एकही हाक त्यांना नव्हती.

परत नंबरप्लेटच्या ऑफिसात पोचले तेव्हा डानिएलानं विचारलं, "काका, पाटीवर शेवटची तीन अक्षरं कुठली हवीत?"

ह्या तीन अक्षरांवरून घरात आठवडाभर कोर्नेलियाची आणि रझ्वानची जुंपलेली होती, कोणाच्या पोराचं नाव घालायचं म्हणून.

"जी तयार असतील ती दे," पांदेले म्हणाले.

एक्स, के, डब्ल्यू. कोणाच्याच पोराचं नाव नाही. कोणाच्या आजोबाचंही नाही.

ओतिलियाच्या छोट्या गाडीत बसल्यावर पांदेलेंनी पाट्या मांडीवर धरल्या, बाळ धरावं तशा. मग म्हणाले, "नऊ."

"काय नऊ?"

"दारं. नऊ दारं झाली. चार जिने." मग खिडकीतून बाहेर बघत, "फार भराभर चालतेस तू."

तिनं वाट बघितली. पुढं काहीतरी येईल म्हणून. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. काही आलं नाही.

शनिवारी सकाळी आठलाच पांदेले गायब. पाट्या लावलेली गाडी अंगणात तशीच उभी आणि हा माणूस बसनं कुठंतरी गेलेला. दहा वाजले, अकरा वाजले. अंगणात मिचींचा, खिम्याच्या मुटक्यांचा, धूर भरला, रझ्वान विस्तवावर त्या उलट्या करत होता, स्मरांदाबाई स्वतःच्या खुर्च्या घेऊन आल्या. पाद्रीबाबांचं येऊन पाणी पिऊन झालं.

"कुठं गेले असतील?" कोर्नेलिया रडवेली झाली. "ओतिलिया, काल काही बोललीस का तू त्यांना?"

"मी? ते तरी कुठं काय बोलले!"

साडेअकराला पांदेले फाटकातून आत आले. त्यांच्यामागं शोरूमची ती तिन्ही पोरं. आणि दारावरचा राखणदार. ओतिलियाच्या हातातली काकडी खाली पडली.

आधी पाद्रीबाबांनी आपलं काम केलं. तुळशीची जुडी पाण्यात बुडवून चाकांवर, काचांवर, इंजिनावर शिंपडली. जुडी आरशाला बांधायला ठेवली तर फ्लोरिकानं दोरी ताणून अर्धी खाल्ली. पाद्रीबाबा म्हणाले, चालेल, तीही घरचीच आहे. पहिला घोट त्सुइकाचा, म्हणजे प्लमच्या दारूचा, सगळ्यांनी घेतला, चार थेंब टायरवर ओतले.

मग नेलूनं विचारलं. तो विचारणारच होता. "काय मग बाबा, शेवटी शोरूमवाल्यांचे आठशे नव्वद वाचवलेच की नाही?"

पांदेलेंनी ग्लास खाली ठेवला. शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. घडी घातलेला.

"भरले," ते म्हणाले. "आज सकाळी."

"भरले? काम झाल्यावर?" नेलूचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. "घरच्या सुनेनं केलेल्या कामाचे?"

"नेलू, माझी आई नऊ नंबरनं बाजारात जायची. तिकीट काढून. लोक म्हणायचे, अरे आईला तरी सोड. मी म्हणायचो, तिकीट सोडलं तर मग मी नुसता चक्कर मारायला निघालोय, काम नाही करत." ते शोरूमच्या पोरांकडे वळले. "सोमवारी मी तुमच्याकडे एक बोललो. बकरीचं. तुम्ही हसलात."

पोरं बुटांकडे बघायला लागली.

"छत्तीस वर्षं बस चालवली आणि मला वाटायचं गाव मी पाठ केलंय. काल ह्या पोरीच्या मागं पळालो. अर्धं गाव मला माहीतच नव्हतं. मला जमलं नसतं ते काम. बकरीला तर नाहीच. चूक बोललो मी. ओतिलिया, घरात नाही, ह्यांच्यासमोर बोललो होतो, म्हणून ह्यांना घेऊन आलो."

 विस्तवावर चरबी चरचरली. ओतिलियाला काहीतरी करायचं होतं, पण हातात काकडीही नव्हती. वेताबाई मात्र उठल्या आणि पांदेलेंच्या ताटात न विचारता दोन मिची वाढल्या.

"बेंऽऽ," तिघांतला एक पोरगा हळूच म्हणाला. पण ह्या वेळी तो फ्लोरिकाकडे बघून म्हणाला. तिनं उत्तर दिलं. मग जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

पांदेले व्हरांड्यात गेले. खांबावरच्या यंत्रात पावती सरकवली. दांडा ओढला. खटक.

भोकं पडलेली पावती त्यांनी ओतिलियाच्या हातात दिली आणि वर किल्ली ठेवली.

"हे काय बाबा?"

उत्तर न देता त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. गुडघ्यावर हात, पाठ ताठ.

"बाबा, मागं?" कोर्नेलिया ओरडली. "पहिल्या दिवशी? तुमची गाडी आहे!"

"प्रवासी मागंच बसतो. तिकीट पंच केलंय मी."

वेताबाई त्यांच्या शेजारी शिरल्या. "सरका तिकडं. माझंही तिकीट कोणी विचारू नका आता, बेचाळीस वर्षांपूर्वी केलंय." रझ्वान पुढं बसला, हातातला चिमटा तसाच. ओतिलियानं आरसा खाली केला. आरशात पांदेलेंचा चेहरा दिसला, छत्तीस वर्षं ते ज्या आरशात बघायचे तशा आरशात, पण उलट्या बाजूनं.

"कुठं जायचं?" तिनं विचारलं.

"नऊ नंबरच्या रस्त्यानं. आणि सगळे थांबे घे हं."

गाडी फाटकातून बाहेर पडली, आपल्या पायांनी. दहा पावलांवर, स्वतःच्या फाटकापाशी धावत पोचलेल्या स्मरांदाबाई हात आडवा करून उभ्या होत्या. ओतिलियानं ब्रेक लावला.

"आता का थांबली? बंद पडली का?" स्मरांदाबाईंनी खिडकीतून डोकं घातलं.

"नाही," मागून पांदेले म्हणाले. "थांबा आहे. चढा लवकर."